पावसानं घात केला, पण भरपाई कुणी द्यायची?



आजचा विषय कायद्याचा आहे आणि मी वकील नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. पण ‘जबाबदारी’ हा शब्द आमच्याही दुकानातला आहे आणि कोर्टाच्याही. त्यामुळे मी थोडी घुसखोरी करणार आहे. सभागृहात वकील मंडळी असतील तर चुकलं तिथं शेवटी जरूर थांबवावं.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून करतो. २० ऑगस्ट २०२१. सिंदखेडराजा तालुक्यातला दुसरबीड-तढेगाव रस्ता. समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर एका टिप्परमध्ये बसून निघाले होते. त्याच टिप्परमध्ये लोखंडी सळ्याही होत्या. टिप्पर उलटला. माणसं आणि सळ्या एकाच डब्यात. १३ मजूर गेले, काही जखमी झाले. हातावर पोट असलेली, घरापासून लांब कामाला आलेली माणसं.

त्या घटनेत दोषी कोण, हे मी या व्यासपीठावरून ठरवणार नाही, तो माझा अधिकार नाही. मला बोलायचं आहे ते अशा प्रत्येक अपघातानंतर आपण जे वाक्य म्हणतो त्याबद्दल. दिवस पावसाळ्याचे असतात, रस्त्याची कड भिजलेली असते, खड्डा पाण्यानं भरलेला असतो. आणि चहाच्या टपरीवर कुणीतरी सुस्कारा सोडून म्हणतं, “पावसानं घात केला.” झालं. पुढचा प्रश्न विचारायची गरजच राहत नाही.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की गेली पावणेदोनशे वर्षं कायदा हे वाक्य हळूहळू खोडत आला आहे. पण खोडताना त्यानं एका माणसाकडे सगळ्यात शेवटी पाहिलं. तो माणूस म्हणजे मालाच्या गाडीत, मालावर बसलेला प्रवासी.

मामांचा पाय

एक घरचीच गोष्ट सांगतो. १९६६ चा पावसाळा. मी शाळेत होतो. आमचं आजोळ घाटावर. धाकटे मामा काही कामानं मलकापूरला गेले होते. परतताना एस.टी. चुकली. त्या काळी एस.टी. चुकली म्हणजे दिवस चुकला. स्टेशनवरून माल भरून बुलढाण्याकडे एक ट्रक निघत होता. ड्रायव्हरनं माणशी काही आणे घेतले आणि दहा-बारा जणांना गोण्यांवर बसवलं. वरून ताडपत्री. पाऊस सुरूच. राजूर घाटात एका वळणावर ट्रक घसरला आणि कलंडला. कुणी दगावलं नाही, पण मामांच्या मांडीवर गोण्या आल्या. हाड दोन ठिकाणी मोडलं. ते नीट बसलं नाही ते नाहीच. मामा पुढे चाळीस वर्षं लंगडत जगले. नांगर त्यांनी पुन्हा धरला नाही. वाट्याची चार एकर दुसऱ्याला बटाईनं दिली.

ट्रकचा मालक एकदा घरी आला होता. चांगला माणूस होता, फळं घेऊन आला. म्हणाला, “पाऊसच तसा होता हो.” आजोबांनी मान डोलावली. पुढे मोठा झाल्यावर मी मामांना विचारलं, “तुम्ही दावा का नाही केला?” मामा हसले. म्हणाले, “पान्याले का कोर्टात उभं करशीन बाबू?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. त्याचं उत्तर शोधता शोधता मी जे थोडंफार वाचलं, ते आज तुमच्यासमोर ठेवतो.

आसमानी किती, सुलतानी किती?

आपल्या भाषेत एक सुंदर जोडी आहे: आसमानी आणि सुलतानी. आभाळातून येतं ते आसमानी, राज्यकर्त्याकडून येतं ते सुलतानी. आपल्या शेतकऱ्यानं दोन्ही सोसल्या, पण दोन्हींत गल्लत केली नाही. पाऊस न पडणं वेगळं आणि पाऊस न पडलेल्या वर्षीही सारा वसूल करणं वेगळं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नेमका हाच भेद कायद्याला करावा लागतो.

इंग्रजी कायद्यात आसमानीला ‘देवाची करणी’ म्हणतात. माणसाच्या हातात नव्हतं, अंदाजही करता येत नव्हता, काळजी घेऊनही टळलं नसतं, असं काही घडलं तर जबाबदारी नाही. तत्त्व ठीकच आहे. प्रश्न येतो की कुठल्या पावसाला आसमानी म्हणायचं?

१८७६ मध्ये इंग्लंडात निकोल्स विरुद्ध मार्सलंड नावाचा खटला झाला. एका जमीनदारिणीनं आपल्या आवारात कृत्रिम तळी केली होती. कुणाच्या आठवणीत नाही असा पाऊस झाला, बांध फुटले, खालचे पूल वाहून गेले. कोर्ट म्हणालं, ही देवाची करणी, बाईंची जबाबदारी नाही. पुढे १९१७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावचा खटला आला. नगरपालिकेनं ओढ्याचा मार्ग बदलून मुलांसाठी उथळ तळं केलं होतं. मुसळधार पावसात पाणी फुगलं आणि रेल्वेचं नुकसान झालं. या वेळी हाउस ऑफ लॉर्ड्स म्हणालं, पाऊस असाधारण असेल, पण ओढ्याची वाट तुम्ही बदललीत. तेव्हा जबाबदारी तुमची. चाळीस वर्षांत आसमानीचा प्रांत आक्रसला, तो असा.

आता आपल्याकडे या. जबलपूर आणि बुलढाणा एके काळी एकाच प्रांतात होते, मध्य प्रांत आणि वऱ्हाड. त्या जबलपूरचा एक खटला आहे, कल्लूलाल विरुद्ध हेमचंद, १९५८ च्या निकालपत्रांत छापलेला. पावसात एका इमारतीची भिंत पडली, लेकरं दगावली. मालक म्हणाला, त्या दिवशी २.६६ इंच पाऊस झाला होता, ही देवाची करणी. मध्य प्रदेश उच्च न्यायालयानं ते मान्य केलं नाही. पावसाळ्यात अडीच-पावणेतीन इंच पाऊस पडणं यात अघटित काय आहे? भिंत बांधणाऱ्यानं आणि राखणाऱ्यानं तेवढ्या पावसाची तयारी ठेवलीच पाहिजे.

मला हा निकाल फार आवडतो, कारण तो आपल्या हवेतला आहे. इंग्लंडचा पाऊस बारमाही. आपला पाऊस मृगाला येतो, हे पंचांगात छापलेलं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीचा चिखल होतो, रस्त्याची साइडपट्टी खचते, घाटात दरड येते, डांबरावर मातीचा थर बसून ते साबणासारखं होतं. हे ज्याला माहीत नाही त्यानं वऱ्हाडात गाडी चालवू नये. आणि ज्याला माहीत आहे त्याला ‘अचानक’ म्हणता येत नाही.

तो स्वखुशीनं बसला होता का?

पावसाचा बहाणा असा पातळ होत गेला. पण मालाच्या गाडीतल्या माणसापुढे आणखी एक भिंत उभी होती: “तू स्वतःच बसलास ना?”

या भिंतीची पायाभरणी १८३७ मध्ये झाली. प्रीस्टली विरुद्ध फाउलर. एका खाटकाकडे प्रीस्टली नावाचा पोऱ्या कामाला होता. मालकानं माल पोचवायला गाडी भरली आणि त्याला वर बसवलं. गाडीत भार फार होता. ती वाटेत मोडली आणि पोऱ्याची मांडी मोडली. माझ्या मामांची मोडली तशीच. ज्यूरीनं त्याला १०० पौंड देऊ केले. वरचं कोर्ट म्हणालं, काही नाही. गाडीत भार किती आहे हे मालकाइतकंच नोकरालाही दिसत होतं. भीती वाटत होती तर त्यानं नाही म्हणायचं होतं.

नाही म्हणायचं होतं! हे वाक्य पुढे शंभर वर्षं कामगारांच्या मानगुटीवर बसलं.

इथं मला माझ्या दुकानातला जुना माल काढू द्या. ॲरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात हाच प्रश्न घेतला आहे: माणसाची कुठली कृती त्याची स्वतःची म्हणायची? त्याचं पहिलं उदाहरण वाऱ्याचं. वाऱ्यानं माणसाला उचलून नेलं तर ती त्याची कृती नाही. दुसरं उदाहरण वादळात सापडलेल्या जहाजाचं. तांडेल जहाज वाचवण्यासाठी माल समुद्रात फेकतो. त्यानं ते खुशीनं केलं का? हात त्याचेच हलले, निर्णय त्यानंच घेतला. पण शहाणा माणूस खुशीनं माल बुडवत नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो, या कृती मिश्र असतात.

आता मजुराकडे पाहा. ठेकेदाराचा टिप्पर समोर उभा आहे. कामाची जागा लांब आहे. दुसरं वाहन नाही. बसला नाही तर आजचा रोज बुडाला, कदाचित उद्यापासून कामही गेलं. तो बसतो. यात त्याची खुशी किती आणि वाऱ्याचा जोर किती? माझे मामा एस.टी. चुकल्यावर गोण्यांवर बसले, ती त्यांची हौस नव्हती.

कायद्याला हे उमजायला वेळ लागला, पण उमजलं. आपल्याकडे १९२३ मध्ये कामगार नुकसानभरपाई कायदा आला. काम करताना, कामामुळे इजा झाली तर मालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. १९३८ च्या कायद्यानं प्रीस्टलीच्या खटल्यातून निघालेले बचावही मोडीत काढायला सुरुवात केली. आणि अलीकडे, २०२० मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं मोहम्मद सिद्दीक प्रकरणात मोटारसायकलवर तिघे बसल्याच्या मुद्द्यावर सांगितलं, की नियम मोडून बसणं हा एक भाग आणि त्या बसण्यामुळे अपघात झाला का, हा वेगळा भाग. दुसरं सिद्ध झाल्याशिवाय बसणाऱ्याच्या माथी अपघाताचा दोष मारता येत नाही. तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात आम्ही हेच शिकवतो. गोष्टी सोबत असल्या म्हणून त्या कारण होत नाहीत.

साठ दिवस

आता मामांच्या प्रश्नाकडे. १९६६ मध्ये त्यांनी दावा केला असता तर काय झालं असतं?

मोटार वाहन कायदा होता, १९३९ चा. तिसऱ्या पक्षाच्या विम्याची सक्ती १ जुलै १९४६ पासून लागू झाली होती. १९५६ च्या दुरुस्तीनं मोटार अपघात दाव्यांसाठी वेगळी न्यायाधिकरणं नेमायची सोय झाली होती, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जाऊ नयेत म्हणून. म्हणजे दार होतं. पण अर्ज किती दिवसांत करायचा? साठ दिवसांत! मामा साठ दिवस तर पायाला वजन बांधून खाटेवर पडून होते. सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ व्हायचा म्हणे. पण ही माफी असते, हे कुणी सांगायचं?

ती मुदत १९६९ च्या दुरुस्तीनं सहा महिने झाली. १९९४ मध्ये काढूनच टाकली. आणि लक्षपूर्वक ऐका, २०१९ च्या दुरुस्तीनं ती परत आली. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांच्या आत दावा दाखल करायचा आहे. या तरतुदीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी बसू नये.

दुसरी अडचण पुराव्याची. घाटात ट्रक घसरला, ड्रायव्हर म्हणणार पावसामुळे. गोण्यांवर ताडपत्रीखाली बसलेल्या माणसानं वेग किती होता हे कसं सिद्ध करायचं?

याचं उत्तर देणारा निकाल विदर्भाच्या रस्त्यावरचाच आहे. पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग अँड प्रेसिंग कंपनी, १९७७. डिसेंबर १९६० मध्ये जिनिंग कंपनीचे मॅनेजर कंपनीची मोटार घेऊन नागपूरहून पांढुर्ण्याला निघाले होते. सोबत एक गृहस्थ बसले होते. रस्ता सरळ, आणि गाडी रस्ता सोडून उजव्या बाजूच्या झाडावर गेली. त्या गृहस्थांच्या पत्नीनं दावा केला. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, काही वेळा घटना स्वतःच बोलते. नीट चालवलेली गाडी सरळ रस्त्यावरून झाडावर जात नाही. मग हे कसं झालं, ते गाडीवाल्यानं सांगावं. मेलेल्या माणसाच्या बायकोला ते विचारू नका. आणि मॅनेजर कंपनीच्या कामावर होता, म्हणून त्याच्या हयगयीची जबाबदारी कंपनीची.

पावसाच्या बाबतीत हे तत्त्व फार मोलाचं आहे. “रस्ता निसरडा होता” असं ड्रायव्हर म्हणतो तेव्हा आपल्याला वाटतं की तो सफाई देतो आहे. पण नीट पाहिलं तर तो कबुली देतो आहे. रस्ता निसरडा आहे हे दिसत होतं, मग वेग कमी का नव्हता? टायर गुळगुळीत का होते? एवढा भार का होता?

टायरचंच घ्या. २००१ च्या कौशनुमा बेगम प्रकरणात जीपचा पुढचा टायर फुटला, जीप उलटली आणि रस्त्यानं चालणारा माणूस गेला. ड्रायव्हरची हयगय सिद्ध झाली नाही. तरी सर्वोच्च न्यायालयानं मालकाला जबाबदार धरलं. धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्यानं तिच्यातून होणाऱ्या नुकसानीची भरपाई द्यावी, असा त्याचा आधार. आणि २०२३ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं पुणे-मुंबई प्रवासातल्या एका अपघातात स्पष्ट म्हटलं, की टायर फुटणं ही देवाची करणी नव्हे, तो माणसाचा निष्काळजीपणा आहे.

पैसा येणार कुठून?

आता सगळ्यात अवघड भाग. जबाबदारी मालकाची ठरली. पण एका ट्रकचा मालक म्हणजे कोण? बऱ्याचदा कर्जाचे हप्ते भरणारा साधा माणूस. त्याच्या घरातून वीस लाख कुठून येणार? खरे पैसे असतात विमा कंपनीकडे. आणि इथं मालाच्या गाडीतला प्रवासी वाऱ्यावर सापडला.

१९३९ च्या कायद्यात मालगाडीत बसलेल्या साध्या प्रवाशाचा विमा सक्तीचा नव्हता. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून आला. त्यात शब्द आले ‘कोणतीही व्यक्ती’. १९९९ मध्ये सतपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्या शब्दांच्या आधारे म्हटलं, ट्रकमध्ये बसलेला प्रवासीही त्यात आला, कंपनीनं पैसे द्यावेत. देशभरातल्या जखमींना हायसं वाटलं. पण दरम्यान १९९४ च्या दुरुस्तीनं एक शब्दसमूह घातला गेला होता: मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी. डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी प्रकरणात मोठ्या पीठानं सतपाल सिंगचा निकाल फिरवला. जानेवारी २००४ मध्ये बलजीत कौर प्रकरणात तीच गोष्ट पक्की झाली. मालासोबत मालाचा मालक बसला तर विमा आहे, नुसता प्रवासी बसला तर नाही. २०१९ च्या दुरुस्तीनं तर हे कायद्याच्या शब्दांतच लिहिलं.

म्हणजे पाहा, आपल्या कापसाच्या गठाणींसोबत किंवा सोयाबीनच्या पोत्यांसोबत बाजारात निघालेला कास्तकार विम्यात आहे. त्याच्याशेजारी बसलेला रिकाम्या हाताचा माणूस नाही. एकाच पोत्यावर बसलेल्या दोघांचे पाय एकाच वेळी मोडले, तर एकाचा पाय विम्याचा आणि दुसऱ्याचा बेवारस. तर्काला हे पटतं का? कंपनी म्हणते, ज्या धोक्याचा हप्ता आम्ही घेतलाच नाही त्याचे पैसे का द्यावेत? तिचंही म्हणणं खोटं नाही.

न्यायालयानं यातून एक मधली वाट काढली आहे: आधी द्या, मग वसूल करा. कंपनीनं जखमीला पैसे द्यायचे आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करायचे. बलजीत कौर प्रकरणातच हा मार्ग वापरला गेला. २०१८ च्या शिवराज विरुद्ध राजेंद्र प्रकरणात ट्रॅक्टरवर बसून जखमी झालेल्या माणसालाही तो मिळाला. मला यातला विचार महत्त्वाचा वाटतो. भांडण कंपनी आणि मालक यांचं आहे, ते दोघं निवांत भांडोत. पाय मोडलेल्या माणसाला त्या भांडणाच्या रांगेत उभं करू नका. पण हा मार्ग प्रत्येकाला आपोआप मिळत नाही, तो मागावा लागतो, आणि मिळेलच याची हमी नाही.

मजूर असेल तर आणखी एक दार आहे, आणि ते बहुतेकांना ठाऊक नसतं. गाडीमालकाचाच कामगार मालगाडीतून नेला जात असेल, तर त्याला कामगार म्हणून मालकाकडे भरपाई मागता येते. तो ठेकेदाराचा कामगार असेल, तर ज्याचं मूळ काम चाललं आहे त्याच्याकडूनही भरपाई मागता येते. तो नंतर ठेकेदाराकडून वसूल करील. या दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे. मात्र मोटार कायदा किंवा कामगार कायदा, यातला एकच रस्ता निवडायचा, दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही.

दोष वेगळा, दायित्व वेगळं

आता तत्त्वज्ञानाचा मुद्दा, आणि मग आवरतो.

आपण ‘जबाबदार कोण?’ असं विचारतो तेव्हा दोन प्रश्न एकत्र विचारतो. एक, कुणाचं चुकलं? दोन, झालेलं नुकसान कुणी भरून काढायचं? पहिला दोषाचा, दुसरा दायित्वाचा. फौजदारी खटल्यात दोष लागतो. हयगयीनं मृत्यू घडवला म्हणून पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम ३०४-अ लागायचं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागतं. तिथं पुरावा पक्का हवा आणि तो हवाच. पण भरपाईला तेवढा दोष लागत नाही. १९८२ मध्ये पहिल्यांदा ‘चूक सिद्ध न करता’ ठरावीक रक्कम द्यायची सोय झाली, मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. आज ती मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहे. मात्र ती स्वीकारली की मोठ्या दाव्याची वाट बंद होऊ शकते, तेव्हा सही करण्यापूर्वी वकिलाला विचारा.

आणि दुखापतीची किंमत कशी करायची, यावर २०१० चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकाल प्रत्येकानं ऐकावा असा आहे. न्यायालय उदाहरण देतं: एकाच प्रकारे हात गेला, तर डॉक्टरच्या दाखल्यावर टक्के तेवढेच. पण सरकारी कारकुनाची नोकरी राहते आणि सुताराचं पोट जातं. म्हणून टक्के शरीराचे मोजू नका, कमाईचे मोजा. मामांच्या पायाचे टक्के कुणी काढले असते तर तीस-चाळीस आले असते. त्यांच्या नांगराचे मात्र शंभर गेले होते.

तर मंडळी, अपघातानंतर “पाऊस किती होता?” एवढंच विचारून थांबू नका. “पावसाच्या आधी कुणी काय ठरवलं?” हेही विचारा. वेग ड्रायव्हरनं ठरवला. टायर आणि भार मालकानं ठरवला. माणसं आणि सळ्या एकाच गाडीतून न्यायच्या, हे कामावरच्या कुणीतरी ठरवलं. रस्त्याची कड किती भरायची, पाणी कुठं काढायचं, हे रस्ता करणाऱ्यानं ठरवलं. २०१९ च्या दुरुस्तीत रस्त्याच्या सदोष बांधणीसाठी एक लाखापर्यंत दंडाचं कलम १९८-अ आलं आहे. एका लाखात काय होतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण रस्त्यालाही कर्ता असतो, हे पहिल्यांदा लिहिलं तरी गेलं. या सगळ्या यादीत सर्वांत कमी निर्णय कुणाकडे होते? मागे बसलेल्या माणसाकडे. आणि आपली पहिली शंका मात्र त्याच्यावरच, हा बसलाच कशाला?

शेवटी तीन गोष्टी लक्षात ठेवा आणि गावात सांगा. पंचनाम्यात आणि जबाबात नुसतं “पावसामुळे” लिहू देऊ नका. वेग, टायर, भार, खड्डा, गाडीत किती माणसं आणि कोणता माल होता, हे सगळं लिहून घ्या. सहा महिने विसरू नका. आणि परगावचा मजूर असेल तर त्याला सांगा, दावा अपघाताच्या ठिकाणीच करावा लागतो असं नाही, तो स्वतः राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो. बुलढाण्याला खेटे घालायची त्याला गरज नाही.

मामा आता नाहीत. त्यांना उत्तर द्यायला मला उशीर झाला. पण आज कुणी तोच प्रश्न विचारला, तर मी म्हणेन: पाण्याला कोर्टात उभं करता येत नाही, मामा, हे खरं. पण पाणी येणार हे माहीत असून ज्यांनी गाडी भरली, त्यांना करता येतं. तुम्हालाही करता आलं असतं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आता प्रश्न घेऊ. वकिलांनी आधी बोलावं.